तायड्यांची सपाट वाटी

मे महिन्यातला दुसरा रविवार, ऊन उतरायची वेळ. स्थळ अकोल्यातलं एक किराणा दुकान. रक्कम साठ ग्रॅम, प्रत्यक्षात भरली सत्तेचाळीस. हजर तिघं: दुकानदार, अशोक तायडे आणि मी.

तफावत तेरा ग्रॅमची. तेरा ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे. फुंकर मारली तर उडून जाईल. पण त्या दोन चमच्यांपायी त्या दुपारी तायड्यांची मुलगी हातची जाता जाता राहिली होती, आणि तायडे दुकानदाराच्या काट्यावरच्या आकड्याकडे असे बघत होते, जणू कोणी त्यांना त्यांच्याच घरातून बाहेर काढलं आहे.

तायडे अमरावतीत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी. उंच, वाळका माणूस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांच्या पत्नी शीलाताई चांदूर रेल्वेजवळच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि सकाळच्या गाडीनं जायच्या, म्हणून घरचा स्वयंपाक तायडे करायचे. मुलगी एकच, संघमित्रा. घरात मित्रा. ती सात वर्षांची असताना तिला डायबिटीस निघाला, लहान मुलांना होतो तो. त्यात दर जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि इंजेक्शन किती हे ताटात काय आणि किती आहे त्यावर ठरतं. जेवण जास्त झालं तर साखर चढते, त्याचे भोग हळूहळू येतात. जेवण कमी पडलं तर साखर उतरते, आणि ते तासाभरातच अंगावर येतं. डॉक्टरांनी सगळा हिशेब ग्रॅममध्ये सांगितला होता. आपल्या घरात ग्रॅम कोणाला कळतो? आपल्याकडे वाटी, मूठ, चिमूट आणि अंदाज. तायड्यांनी त्या दिवसापासून अंदाज हा शब्द घरातून काढून टाकला.

त्यांची आमची ओळख साखरेवरून झाली आणि ती ओळख भांडणानंच सुरू झाली. ते राहायला आले त्याच आठवड्यात शीलाताई माझ्या बायकोकडून, मंदाकडून, वाटीभर साखर उसनी घेऊन गेल्या. मंदानं आपल्या रीतीप्रमाणे वाटी शिगेनं भरून दिली. वाटीच्या काठावर जो ढीग चढतो ती शीग. आमच्याकडे धान्य असो की साखर, दुसऱ्याला देताना माप सपाट देत नाहीत. सपाट माप म्हणजे कोत्या मनाचं माप. चार दिवसांनी तायडे स्वतः वाटी परत घेऊन आले. काठोकाठ, पट्टीनं ओढल्यासारखी सपाट. मंदाचा चेहरा उतरला.

"भाऊजी, शीग कुठं गेली?" तिनं हसत विचारलं, पण ते हसणं मला ओळखीचं होतं.

तायड्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातात ठेवली. "हे घ्या वहिनी. शीग वेगळी काढून मोजली. बावीस ग्रॅम. वाटीवर राहिली असती तर जिन्यात सांडली असती, अन मंग मले सांगता आलं नसतं किती दिली ते."

मंदानं ती पुडी बरेच दिवस डब्यात तशीच ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "पाहा, वरच्या भाऊजींनी शीग बांधून दिली!" सगळे हसायचे. मला मात्र त्या माणसाबद्दल तेव्हाच आदर वाटला. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहे. वेगळी रक्कम वेगळी दाखवणाऱ्या माणसाची मला किंमत आहे.

सुरुवातीला ते सगळं काट्यावरच मोजायचे. बॅटरीवर चालणारा छोटा काटा होता, त्यावर ताटली ठेवायची, आकडा शून्य करायचा, मग पोहे, मग परत शून्य, मग शेंगदाणे. मित्रा शाळेच्या गणवेशात बाजूला उभी. शाळेची रिक्षा खाली हॉर्न देते आहे आणि बाप चिमटीनं पोहे काढतो आहे, परत टाकतो आहे. तो हॉर्न, तो काटा आणि वरून येणारा तायड्यांचा "एक मिनिट, एक मिनिट" हा आवाज आमच्या रोजच्या सकाळचा भाग होऊन गेला.

पण काटा सगळीकडे नेता येत नाही. बॅटरी दगा देते, लोक बघतात, आणि मित्राला ते नको होतं. तेव्हा तायड्यांना त्यांची प्रयोगशाळा आठवली. तिथं शेतकऱ्यांची माती तपासायला येते. दर नमुना काट्यावर ठेवत बसलं तर दिवस पुरत नाही, म्हणून ठरलेल्या मापाची एक छोटी पळी असते. वाळवून, कुटून, चाळलेली माती तिच्यात भरायची, पट्टीनं वरून ओढायची, की दहा ग्रॅम. तायडे म्हणाले, "मातीचं जमते तर पिठाचं काहून नाई जमत?"

मग ते भांड्यांच्या बाजारात गेले. मी सोबत होतो. एका पिशवीत ज्वारीचं पीठ, दुसरीत काटा. त्यांना अशी वाटी पाहिजे होती जी काठापर्यंत भरून पट्टीनं ओढली की बरोबर साठ ग्रॅम पीठ यावं. एवढ्या पिठाची मित्राची एक भाकर व्हायची. पहिल्या दुकानात त्यांनी नऊ वाट्या भरून पाहिल्या. काउंटर पांढरं झालं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, वाटी घ्याले आले का पीठ विकाले?"

"ही त्रेसष्ट भरून राहिली. थोडी उथळ दाखवा."

"उथळ खोल असं नसते न साहेब. वाटी म्हणजे वाटी."

"ते तुमच्यासाठी," तायडे म्हणाले, आणि कपड्यानं काउंटर पुसून दिलं.

चौथ्या दुकानात ती वाटी सापडली. जाड बुडाची, काठाला बारीक घडी. तायड्यांनी ती घरी आणून बुडावर मित्राच्या नेलपॉलिशनं लाल ठिपका दिला. लाल म्हणजे ज्वारी. मग तांदळाची निळी, रव्याची गुलाबी, पोह्यांची हिरवी, अशी पाच-सहा भांडी झाली. नेलपॉलिशच्या बाटल्या संपल्या म्हणून मित्रा रुसली. वाट्यांचा नियम एकच: भरायची, ठोकायची नाही, दाबायची नाही, आणि खिशातल्या पट्टीनं एकाच ओढीत सपाट करायची. दोनदा ओढलेली त्यांना चालायची नाही. "दुसऱ्या ओढीत पीठ दबते," म्हणायचे.

या सपाटपणानं त्यांना नातेवाइकांत बदनाम केलं. कुठल्याही कार्यात ते मित्राच्या ताटापाशी उभे. वाढणाऱ्या बायका भात घालायला वाकल्या की यांचा हात आडवा. "थांबा." मग वाटी निघायची, मग पट्टी. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं तोंडावर विचारलं, "का बावा, सोनं मोजून राहिला का पोरीले? अन्नाले पट्टी लावते का कोणी?" तायड्यांनी पट्टी पुसली आणि खिशात ठेवली. त्यांना राग यायचा नाही असं नाही. राग आला की ते जास्त सावकाश मोजायचे.

मित्रा आठवीत असताना शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली. तायड्यांनी परवानगी दिली याचं आम्हाला नवल वाटलं. पोरीनं वाट्या आणि पट्टी दप्तरात घेतली, सगळं समजावून घेतलं आणि गेली. संध्याकाळी ती परत आली ती दाणदाण पाय आपटत. मागून वीस मिनिटांनी तायडे जिना चढले, धुळीनं माखलेले.

झालं असं होतं, की ते पहाटेच्या एसटीनं सहलीच्या आधीच चिखलदऱ्याला पोचले होते. पॉइंटवर जिथं मुलांचं जेवण होणार होतं तिथं एका दगडावर जाऊन बसले. पुलाव वाढायला सुरुवात झाली तसे उठून आले, मित्राच्या हातातली वाटी घेतली, पुलाव भरला, पट्टी ओढली आणि ताटात उपडी केली. साठ मुलं बघत होती. मग परत जाऊन दगडावर बसले. पोरीच्या बसमध्ये चढले नाहीत. आले तसे एसटीनं परत.

मित्रा जिन्यात उभी राहून ओरडत होती. "बाबा, तुमी काहून आले? मले येते मोजता! तुमी सगळ्याईसमोर माह्यी वाटी हातातून घेतली!"

"पुलावात तेल असते. तेल असलं की वाटीत जास्त बसते. तुले सांगायचं राहून गेलं होतं."

"मंग फोन करायचा!"

"तिथं रेंज नसते," तायडे म्हणाले. एवढंच. ते खरंही होतं. पण मला वाटतं रेंज असती तरी ते गेले असते.

त्यानंतर मित्रा पंधरा-वीस दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताट पुढं यायचं, ती जेवायची, उठायची. तायडे मोजत राहिले.

मग ती अकोल्याची दुपार.

तायड्यांच्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या मुलाचं लग्न होतं. अक्का अकोल्याला राहते, विधवा, घर टिनाचं पण ऐसपैस, मनानं मोकळी आणि तोंडानं त्याहून मोकळी. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. माझ्या गाडीतून आम्ही सकाळीच पोचलो: तायडे, शीलाताई, मित्रा, मंदा आणि मी. काटा घरी ठेवला होता. वाट्या असताना काटा कशाला, हाच तर त्या वाट्यांचा उद्देश. मित्रा तेव्हा चौदा वर्षांची होती. आल्या आल्या ती पोरींमध्ये मिसळली. मांडवात नाच सुरू होता आणि अकोल्यातलं मे महिन्याचं ऊन टिनावर वाजत होतं.

जेवणाच्या वेळी तायडे चुलीपाशी गेले. पंगतीचं जेवण त्यांना चालणार नव्हतं, मित्रासाठी अक्का वेगळी भाकर टाकणार होती. सकाळीच चक्कीवरून दळून आलेलं पीठ मोठ्या डब्यात होतं. डब्यात हात घातला तर अजून गरम लागत होतं. अक्कानं लाल ठिपक्याची वाटी घेतली आणि रीतीप्रमाणे शिगेनं भरली.

तायड्यांनी पट्टी काढली.

"अशोक, लग्नाचं घर आहे. सपाट माप नको करू."

"अक्का, मित्रासाठी आहे."

"म्हणूनच सांगून राहिली. भाचीले सपाट वाटी देऊ का मी?"

तायड्यांनी एका ओढीत शीग परत डब्यात पाडली. पीठ मळताना अक्काची परात दणादण वाजत होती. भाकर झाली. तायड्यांनी मित्राच्या बोटातून थेंब काढून मीटरवर साखर पाहिली, साठ ग्रॅमच्या हिशेबानं इंजेक्शन दिलं, आणि ती सगळी भाकर खाईपर्यंत समोर बसले. मग मीटर त्याच्या पाकिटात घालून खिडकीत ठेवला. त्या वेळी खिडकीत सावली होती.

जेवणानंतर शीलाताई आणि मंदा बायकांबरोबर बांगड्या भरायला बाजारात गेल्या. मांडवात परत नाच सुरू झाला. दीडेक तासानं एक पोरगी धावत आली. "अक्का, मित्रा कशीतरी करून राहिली."

मित्राला कूलरच्या खोलीत आणून निजवलं. अंग घामानं ओलं, ओठ पांढरे. काही विचारलं की चिडून हात झटकायची. त्या उन्हात आम्ही सगळेच घामानं ओले होतो, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. "ऊन लागलं पोट्टीले," दारातून कोणी म्हणालं. कांदा फोडून तिच्या नाकापाशी धरला. कोणी मीठ घालून ताक आणलं, तिनं दोन घोट घेतले. सगळ्यांनी आपापल्या अनुभवानं योग्य तेच केलं. फक्त ते उन्हाचं औषध होतं.

तायडे आले. एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीटर."

मीटर खिडकीतच होता. पण तोवर ऊन फिरून त्या खिडकीत आलं होतं. मीटर हातात धरवत नव्हता. तायड्यांनी थेंब काढला, मीटरच्या कागदी पट्टीला लावला, आणि मीटरवर आकड्याऐवजी थर्मामीटरचं चित्र आलं. यंत्र इतकं तापलं होतं, की ते मोजायला तयार नव्हतं. त्यांनी परत लावून पाहिला. परत तेच चित्र. त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. मी तो कूलरसमोर धरून उभा राहिलो.

"साखर कमी झाली असेल, तायडे," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मलाही लक्षणं कळायला लागली होती.

"कमी होऊच शकत नाही." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, कार्यालयात बोलावा तसा. "साठ ग्रॅम आहे पोटात. मी स्वतः ओढली. नाच धरला तरी एवढी उतरणार नाही. वाढली असेल, अन त्यात आणखी साखर घातली तर... थांबा. मीटर थंड होऊ द्या."

मित्राचे डोळे उघडे होते, पण ती कोणाकडे बघत नव्हती. तायडे तिच्या उशाशी बसून ओठातल्या ओठात आकडे म्हणत होते. साठ, त्यातले इतके, त्याला इतकं. परत साठपासून. मीटर माझ्या हातात गरमच होता. कूलरचा आवाज, बाहेर बँडवाल्यांची तालीम, आणि हा माणूस साठपासून पुढं सरकत नव्हता.

अक्का आत आली. तिनं मित्राचा गाल धरून तोंड वळवलं.

"अशोक, तिचे डोये पाह्य."

"अक्का, हिशेब बरोबर आहे. तूच पीठ कमी घेतलं असशील."

"तुह्या हातानं ओढलं न बे तू!"

ती गेली आणि एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात लग्नाच्या पोत्यातली मूठभर साखर घेऊन आली. पेल्यात मूठ सोडली, बोटानं ढवळली. निम्मी साखर तळाशीच होती. तिनं पेला मित्राच्या ओठांपाशी नेला आणि तायड्यांनी तिचं मनगट धरलं.

"किती टाकली?"

"मोजली नाई."

"अक्का, किती?"

"सोड माह्या हात."

तायड्यांच्या बोटांखाली अक्काच्या नव्या हिरव्या बांगड्या हातात रुतल्या होत्या. स्वतःच्या मुलाच्या हळदीसाठी, विधवा असूनही तिनं त्या हौसेनं भरल्या होत्या, त्यातली एक तिथंच फुटली. तो बारीक आवाज ऐकला आणि तायड्यांनी हात सोडला. अक्कानं पेला टेकवला. मित्रा पहिल्यांदा प्यायली नाही, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. अक्कानं बोट पेल्याच्या तळाशी घालून ओली साखर काढली आणि गालाच्या आतून लावली. मग मित्रानं गिळलं. मग एक घोट. मग स्वतःहून दुसरा.

मीटर निवेपर्यंत तिनं पेला संपवला होता. मी तो तायड्यांना दिला. आकडा आला: अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली धोका असतो, आणि हे साखर प्यायल्यानंतरचे अठ्ठावन्न होते. आधी किती होती, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं.

थोड्या वेळानं मित्रा म्हणाली, "कांदा कोणी ठेवला इथं? वास येऊन राहिला." अक्का हसली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

शीलाताई परत आल्या, मुलीजवळ बसल्या, तेव्हा तायडे उठले. चुलीपाशी जाऊन त्याच डब्यातलं पीठ कागदात बांधलं, वाटी घेतली आणि मला म्हणाले, "चला." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दागिन्यांच्या काट्यासारखा नाजूक नाही, पण ग्रॅम दाखवणारा काटा होता. तायड्यांनी वाटी भरली, ओढली, ठेवली. सत्तेचाळीस. परत भरली. अठ्ठेचाळीस. परत. सत्तेचाळीस.

"पीठ ताजं आहे न साहेब," दुकानदार म्हणाला. त्याला आमच्या दुपारची काही कल्पना नव्हती. "चक्कीवरचं पीठ फुगलेलं असते. बसले की जड होते."

तायड्यांनी वाटीतलं पीठ चिमटीत चोळलं. मग मला म्हणाले, "राऊत भाऊ, मातीचं मले माहीत होतं. ताजी कुटलेली माती पळीत कमी भरते. आम्ही ती बसू देतो. रोज बसू देतो. घरचं पीठ डब्यात आठ दिवसांचं असते, त्यावर वाटी बनवली मी. पिठाले हात लावला तेव्हा गरम लागलं होतं. लागलं होतं न तुमाले?"

मी हो म्हणालो.

"मलेही लागलं होतं."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हती. वाटी शिगेनं भरली, अक्का भरते तशी, आणि काट्यावर ठेवली. अठ्ठावन्न. परत भरली. चौसष्ट. परत. पंचावन्न. ते म्हणाले, "हेही बरोबर नाई." पण पट्टी त्यांनी लगेच खिशात घातली नाही. ती काउंटरवर तशीच पडली होती, आणि निघताना मला त्यांना आठवण करावी लागली.

घरी येऊन ते अक्कासमोर उभे राहिले. "पीठ सत्तेचाळीस भरलं."

"मंग?"

"चूक माह्यी होती."

"बरं. हात धू. जेवाले बस," अक्का म्हणाली. तिनं दुसरी बांगडी भरून घेतली होती.

लग्न पार पडलं. पण तायडे त्यानंतर पूर्वीचे राहिले नाहीत. लोकांना वाटलं होतं आता हे वाट्यांचं खूळ सुटेल. उलट झालं. त्यांनी लाल ठिपक्याच्या वाटीत आतून एक रेघ काढली, ताज्या पिठासाठी: एक वाटी भरून झाली की वर आणखी इतकं. कोणाच्याही घरी गेले की पहिला प्रश्न, "दळून किती दिवस झाले?" पोहे पावसाळ्यात ओल धरतात म्हणून पावसाळ्याची वेगळी खूण. तांदूळ जुना की नवा. काटा परत बाहेर आला आणि वाट्यांवर पहारा करायला लागला. पूर्वी ते मोजायचे आणि निर्धास्त व्हायचे. आता मोजायचे आणि मोजलेल्याकडे संशयानं बघत बसायचे. वरून सकाळचं "एक मिनिट" आता पाच-पाच मिनिटं चालायचं. मित्राचं कुठं जाणं बंद. शीलाताई एकदा मंदाजवळ रडल्या. "पोरगी आजारानं नाई, बापाच्या भीतीनं वाळून राहिली," म्हणाल्या.

बारावीनंतर मित्राला अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. अक्काकडे राहून शिकायचं असं तिनं आणि अक्कानं फोनवर परस्पर ठरवून टाकलं. तायडे नाही म्हणाले. चार दिवस वरच्या मजल्यावर आवाज चढत होते. पाचव्या दिवशी रविवारी ते मला साक्षीदारासारखं वर घेऊन गेले. मित्रा जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. समोर सगळ्या वाट्या ओळीनं मांडलेल्या.

"तुमीच सांगा काका," ती मला म्हणाली. "त्या दिवशी वाटी चुकली. चुकू शकते. मी वाचली कशानं?"

मी तायड्यांकडे पाहिलं. उत्तर तायड्यांनी द्यायचं होतं.

"साखरेनं," ते म्हणाले.

"किती साखरेनं?"

तायड्यांनी मान हलवली.

"नाई माहीत न? मले वाट्या द्या, काटा द्या, सगळं द्या. मी मोजीन. तुमच्यापेक्षा चांगली मोजीन. पण खिशात साखर राहील माह्या, अन घरात अक्का राहील. तुमी चुकणारच नाई असं मोजाले बसले बाबा. तसं कोणाले जमते?"

तायडे वाट्यांकडे बघत राहिले. लाल ठिपक्याची वाटी उचलली, तिचा काठ अंगठ्यानं पुसला आणि परत ठेवली. "नवीन सेल टाकून देतो काट्यात," म्हणाले. परवानगी ती अशी मिळाली.

जून संपता संपता मी त्यांना गाडीनं अकोल्याला सोडायला गेलो. सामान उतरलं, शीलाताई मित्राचं कपाट लावायला लागल्या. तायडे अक्काला चुलीपाशी वाट्या समजावत होते. आता तिथं गॅस होता, पण अक्का त्याला चूलच म्हणते. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुह्या पोरीपुरतं सपाट करीन. बाकीच्या घराले शीग. मंजूर असंन तर सांग."

"मंजूर."

मग त्यांनी पिशवीतून साखरेचा पुडा काढला. "तुह्यी साखर द्यायची राहिली."

"कोणती साखर?"

"त्या दिवशीची. लग्नातली."

"बावा, चार वर्षं झाले! मी काय मागून राहिली का?"

"उसनी होती," तायडे म्हणाले.

अक्कानं कपाळाला हात लावला, पण फळीवरची वाटी काढून त्यांच्या पुढं ठेवली. तायड्यांनी ओतायला सुरुवात केली. वाटी काठाला आली तसा त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पट्टी निम्मी बाहेर आली. मित्रा आतल्या खोलीच्या दारात कपड्यांची घडी हातात धरून उभी होती, बघत होती. तायड्यांना ती दिसली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पट्टी खाली दाबून परत आत घातली आणि पुडा वाकडा केला. साखर काठावर चढली, टोक आलं, टोकावरून घरंगळायला लागली, ओट्यावर पसरली. तरी ते ओततच होते.

"अरे सांडून राहिली न, अशोक!"

"सांडू दे."

मी त्यांना पाहिलं ते तिथं शेवटचं म्हणावं असं. पुढं सेवानिवृत्तीनंतर ते दोघंही अकोल्याकडेच राहायला गेले, वरचा मजला दुसऱ्यांना गेला, आणि फोनवर जे तायडे भेटतात ते पीठ-पाणी सोडून भलत्याच गोष्टी बोलतात. मला आठवतात ते ओट्यापाशी पाठमोरे उभे असलेले, खिसा उजव्या हातानं दाबून धरलेले.

दिलं ते असं: साखर एक वाटी, शिगेसकट, सांडलेली वेगळी. घेणार अक्का. वजन केलेलं नाही.